ड्राय गलीचे कोतवाल

कोतवाल सरांच्या दारात उभं राहिलं की आधी डावा गाल दाखवावा लागे. मग उजवा. दाराशेजारी वीतभर रुंदीची एक उभी खिडकी होती आणि तिच्यामागे सर उभे असत. बेल नव्हती. बेल वाजवणारा माणूस बेलकडे बघतो, त्यामुळे त्याचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी ती काढून टाकली होती. आपण पायरीवर उभं राहायचं, मान इकडे वळवायची, तिकडे वळवायची, आणि आतून ‘हं’ आला की कडी निघायची. कधी ‘हं’ येतच नसे. “आज नको. काहीतरी लपवतोयस,” एवढंच ऐकू येई. आणि परत जाताना मला खरोखरच वाटायला लागे की आपण काहीतरी लपवतोय.

चेहऱ्याची उजवी बाजू लोकांसाठी असते आणि डावी स्वतःसाठी, असा त्यांचा सिद्धांत होता. सर पोर्ट्रेट करायचे. जन्मभर त्यांनी दुसरं काही रंगवलं नाही. त्यामुळे चेहऱ्यांबद्दल त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

आमची ओळखसुद्धा संशयानंच झाली. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याचा, शेतीच्या पाण्याच्या पाइपलाइन टाकणारा इंजिनीअर. ऑकलंडमध्ये काही वर्षं काढून मी दक्षिण बेटावर, सेंट्रल ओटागोत नोकरी घेतली होती. बायको अश्विनी तिथल्या सँडरिंगहॅम भागातली भारतीय किराणा दुकानं सोडून यायला तयार नव्हती, पण घर बघितल्यावर हो म्हणाली. ड्राय गली नावाचं गाव. गली म्हणजे आपली गल्ली नव्हे, कोरडी घळ. दोन दिवस सामान लावत होतो. तिसऱ्या दिवशी फाटकाशी एक उंच, वाळका म्हातारा उभा. डोक्यावर कडा झिजलेली हॅट, कोटावर रंगांचे डाग.

“कोणी पाठवलं तुम्हाला?” त्यानं मराठीत विचारलं.

त्या मुलखात दिवसभर गाडी चालवली तरी मराठी माणूस भेटेल अशी आम्हाला आशा नव्हती. अश्विनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “काका, या ना आत, चहा टाकते.”

“काका नंतर. आधी कोणी पाठवलं ते सांगा. बाई, तुम्ही काल कपडे वाळत घालताना ‘चिमटे कुठे ठेवलेस’ म्हणालात. मी ऐकलं. ड्राय गलीत एक मराठी माणूस असणं हा अपघात आहे. तीन असणं सरळ नाही.”

‘सरळ नाही हे’ ही त्यांची खास टिप्पणी. हवामानखात्याच्या अंदाजापासून अश्विनीच्या थालीपिठापर्यंत ती कशालाही लागू पडे. पोस्ट टाकणारी बेव्ह त्यांच्या पाकिटांचा वास घेते, हे सरळ नाही. दोन मॅगपाय पक्षी रोज त्याच खांबावर बसतात, सरळ नाही. थालीपीठ त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, “भाजणी कुठली?” अश्विनी फटकळ आहे. ती म्हणाली, “माझी. विष घातलं नाहीये. खायचं तर खा.” सरांनी तिच्या डाव्या गालाकडे बघितलं आणि चारही थालीपिठं संपवली. त्या दिवसापासून ती त्यांना अहो-जाहो करीत नसे आणि तेही तिला एकेरी हाक मारत. मला मात्र अखेरपर्यंत परीक्षेला बसवलं.

ड्राय गलीला तिथले लोक वाळवंट म्हणतात. भूगोलाच्या मास्तरांना पटणार नाही, पण उन्हाळ्यात तिथे उभं राहिलं तर पटतं. पावसाळी ढग पश्चिमेच्या डोंगरांवरच रिकामे होऊन येतात. पिवळसर, बोडके डोंगर, पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक, रानटी थाईमची झुडपं आणि ससे. सोनं शोधणारे लोक कधीकाळी तिथे मातीच्या विटांची घरं बांधून राहिले आणि सोनं संपल्यावर निघून गेले. पडक्या घरांना पुढे चित्रकार आणि कुंभारकाम करणारे येऊन चिकटले. सत्तरच्या दशकात म्हणे दर घरात कोणीतरी काहीतरी रंगवत होतं, संध्याकाळी सगळे मिळून एकाच चुलीवर जेवत आणि एकमेकांच्या चित्रांवरून भांडत. आम्ही गेलो तेव्हा त्यातले बरेचसे वारले होते. घरं शहरातल्या लोकांनी सुट्टीपुरती घेतली होती, आणि खालच्या उतारावर द्राक्षं लागली होती. शनिवारी गाड्या येत, लोक वाइन चाखत, चित्रांच्या गॅलरीत डोकावत, फोटो काढत आणि जात.

सर मुंबईला चित्रकला शिकलेले. डनेडिनच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून आले, एका सुट्टीत ड्राय गली बघायला गेले आणि परतलेच नाहीत. लग्न केलं नाही. “मुलगी बघायला गेलो की मी बघतच बसायचो. त्या घाबरायच्या,” असं कारण ते सांगत. गावात त्यांना कोटी म्हणत. कोतवाल म्हणणं कोणाच्या जिभेला जमलं नाही, आणि कोतवाल म्हणजे काय हे कोणाला माहीत नव्हतं हे एका परीनं बरंच झालं.

गावातल्या जुन्या हॉलमध्ये सरांनी रंगवलेली पोर्ट्रेट्स रांगेनं टांगलेली होती. चित्रकारांच्या त्या कॉलनीतला जवळजवळ प्रत्येक माणूस तिथे होता. हुबेहूब होती ती. फक्त एक गोष्ट होती. भिंतीवरचा प्रत्येक माणूस तुमच्याकडे संशयानं बघत होता. कुंभार, सुतार, बेव्ह, तिची आई, सगळे. एकदा एका पर्यटक बाईनं मला हळूच विचारलं, “या गावात काही घडलं होतं का?”

त्याचं कारण मला समोर बसल्यावर कळलं. सरांनी मला खुर्चीत बसवलं, बराच वेळ काही काढलंच नाही, आणि अचानक शांतपणे विचारलं, “तू साइटवर असतोस तेव्हा घरी कोण येतं, तुला माहीत असतं का?”

“कोण येतं म्हणजे?”

“हां. असाच राहा. आता आलास.” आणि त्यांचा ब्रश चालायला लागला.

घरी जाऊन मी अश्विनीला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, “तो म्हातारा येतो. तुझ्याबद्दल चौकशी करायला.”

“माणूस संशयात असला की खरा दिसतो,” सर म्हणत. “बाकी वेळ तो नुसता फोटो असतो.”

सगळ्या गावाची पोर्ट्रेट्स झाली होती, पण एकीचं नव्हतं. जून. सरांच्या कुंपणापलीकडे राहणारी. जून हे तिचं नाव, आणि गावातली सगळ्यात जुनी चित्रकारही तीच. ऐंशीच्या घरातली, ठेंगणी, पांढऱ्या केसांची वेणी घालणारी. ती फक्त डोंगर रंगवायची. घरासमोरचा एकच डोंगर. सर आणि जून एकमेकांशी बोलत नसत. फार वर्षांपूर्वी, चुलीभोवती जेवताना, सर म्हणाले होते की इथल्या दुपारच्या सावल्या निळ्या नसतात, जांभूळ खाल्ल्यावर जिभेला येतो तसल्या रंगाच्या असतात. पुढच्या महिन्यात जूनच्या डोंगरावर त्या रंगाची सावली आली, आणि लोकांनी त्या चित्राची फार तारीफ केली.

“तिनं जांभूळ कधी बघितलंय का?” सर मला विचारत. “मग तो रंग आला कुठून? माझ्या तोंडातून. चोरी ती.”

जूनला मी विचारलं तर ती हसली. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. “चोरलाच मी. इतका छान सांगितला होता त्यानं. मला वाटलं तो खूश होईल.”

ती कुंपणावर झुकिनी ठेवायची. सर त्या उभ्या चिरून, आत काही नाही याची खात्री करून, भाजी करायचे.

एका उन्हाळ्यात, म्हणजे तिथल्या डिसेंबर-जानेवारीत, सरांनी मला तातडीनं बोलावलं. गाल न बघता आत घेतलं, तेव्हाच मला कळलं की प्रकरण मोठं आहे.

“ती माझ्यावर नजर ठेवून आहे.”

“कोण, जून?”

“रोज सकाळी स्टूल टाकून बसते. समोर डोंगर. पण बघते कुठे? डोंगराकडे नाही बघत. शेजारी बघते. डोंगराच्या शेजारी काय आहे? माझं घर आहे. मान अशी तिरकी करून तासन्‌तास माझ्या खिडकीकडे बघते. सरळ नाही हे. आणि हॉलमधलं तिचं नवं चित्र बघितलंस? डोंगराचा खांदा डावीकडे सरकलाय. तीस-पस्तीस वर्षं तो खांदा तिनं कधी चुकवला नाही. जा, बघून ये.”

“काय बघू?”

“ते कळलं असतं तर मीच गेलो नसतो का?”

जूनच्या पंपाचा आवाज येतो अशी तिची तक्रार होतीच. मी पाना घेऊन गेलो. काम झाल्यावर तिनं चहा केला. कपात चहा ओतताना तिनं तर्जनी कपाच्या आत धरली होती. बोटाला चहा लागला तेव्हा ती थांबली. बिस्किटांचा डबा म्हणून तिनं ब्रश धुवायचा डबा माझ्यापुढे सरकवला. डबा उचलल्याचा आवाज झाला नाही, तेव्हा तिनं ओळखलं.

“बिस्किटं नाहीत का ती?”

“नाहीत.”

तिनं डबा परत आपल्याकडे ओढला. मग तिनं सांगितलं. समोर बघितलं की मधोमध धूर येतो. कडेचं दिसतं, मधलं जातं. माणूस दिसतो, त्याचं तोंड दिसत नाही. डोंगर बघायचा तर त्याच्या शेजारी बघावं लागतं, मग तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून थोडा सापडतो. डॉक्टर म्हणाले होते की हे वाढत जाईल.

“हेलनला सांगू नकोस,” ती म्हणाली. हेलन तिची मुलगी, डनेडिनला शाळेत उपमुख्याध्यापिका. “चांगली मुलगी आहे. म्हणूनच ती मला इथे एकटी ठेवणार नाही. मला अजून थोडे डोंगर काढायचेत.”

मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं. सरांच्या पायरीवर आलो तेव्हा खिडकीच्या फटीत त्यांचे डोळे होते.

“डावा दाखव.”

“सर, तसं काही नाहीये. ती तुमच्यावर नजर ठेवत नाही. एवढंच सांगतो.”

“डावा दाखव.”

दाखवला. मग कडी निघाली. सर दारात उभे होते, आणि त्यांनी स्वतःच्याच डोळ्यांपुढे तळहात धरला होता. हाताच्या शेजारून ते डोंगराकडे बघायचा प्रयत्न करत होते.

“मधलं गेलंय का तिचं?” त्यांनी विचारलं.

मी पाना या हातातून त्या हातात घेतला. त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सर कुंपणाला वळसा घालून जूनच्या दारात गेले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण त्यानंतर ते रोज जायला लागले. डोक्यावर हॅट, हातात पिशवी, आणि येता-जाता मागे वळून बघायची सवय. आता जो माणूस दर दहा पावलांवर मागे वळून बघतो, त्याच्याकडे गाव बघणारच.

“कोटी तिच्याकडे रोज कशाला जातो?” बेव्हनं मला पोस्टाच्या गाडीतून विचारलं. “एवढी वर्षं बोलत नव्हते. आता ही म्हातारी झाली, एकटी आहे, घर मोठं आहे. मी म्हणत नाही की काही आहे. पण विचित्र वाटतं ना?”

द्राक्षांच्या मळ्याचा मालक क्रेगनंही तेच विचारलं, जरा सौम्य शब्दांत. कोणी सरांना जूनच्या स्टुडिओतून रंगाच्या ट्यूब खिशात घालून नेताना पाहिलं होतं. आणि ईस्टरच्या प्रदर्शनात जूनचे नवे डोंगर लागले तेव्हा कुजबूज वाढली, कारण ते फारच चांगले होते. खांदा जागेवर होता. सावल्यांत तो जांभळा रंग होता. ऐंशीच्या पुढच्या बाईचा हात असा अचानक तरुण कसा झाला? सगळं गाव एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघत होतं. हॉलमध्ये भिंतीवरचे आणि भिंतीसमोरचे चेहरे एकाच भावाचे झाले होते. सरांना खरं तर हा आनंदाचा दिवस वाटायला हवा होता. पण ते आलेच नव्हते.

मला एवढंच माहीत होतं की ते ट्यूब घरी नेऊन त्यांच्या शेपटीला कात्रीनं खाचा पाडत. पिवळ्याला एक, तांबड्याला दोन, असं. बोटानं चाचपून रंग कळावा म्हणून. आणि जून रंगवत असताना ते मागे उभे राहून डोंगर सांगत. “डावीकडे. अजून. थांब. तिथे खडक आहे, गाढवाच्या पाठीसारखा. पाठीवर ऊन आहे, पोटाखाली नाही.” तिच्या कॅनव्हासला त्यांनी ब्रश लावला नाही. मी एकदा म्हणालो, “सर, एवढा कोपरा तुम्हीच भरून टाका ना.” ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी खोटी सही करायला सांगितली होती.

त्याच सुमारास कोणीतरी हेलनला फोन केला.

ती शनिवारी न सांगता आली. मी जूनच्या सिंकखाली पाइप बदलत होतो. जून मागच्या बाजूला कपडे काढायला गेली होती. स्टुडिओचं दार उघडं होतं. आत सर एकटेच इझलसमोर उभे, एका हातात जूनची पॅलेट, दुसऱ्या हातात तिचा ब्रश. ते ब्रश पुसत होते, पण ते बघणाऱ्याला कसं कळावं.

हेलन दारातच थांबली. मोठी बाई, अंगावर प्रवासाचा कोट. ती रागावलेली होती, पण आवाज तिनं खाली ठेवला.

“माझ्या आईची चित्रं तुम्ही काढता का?”

मी सिंकखालून बाहेर आलो. मला वाटलं, आता सर तिला डावा गाल दाखवायला सांगतील. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. दोरीशी जून उभी होती आणि चिमटे चाचपून काढत होती.

“हो,” ते म्हणाले.

“हॉलमधली सुद्धा?”

“हो.”

“आणि या ट्यूब कोणी कापल्या?”

“मी.”

“का?”

“मला सवय आहे.”

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न बघता मराठीत, अगदी साध्या आवाजात म्हटलं, “तू पाइप बघ.”

जन्मभर ज्यांनी प्रत्येकाला आरोपी धरलं ते सर तिथे आरोपी होऊन उभे होते आणि एका बाईच्या डोळ्यांसाठी खुशाल खोटा कबुलीजबाब देत होते. हेलन म्हणाली, “तुम्ही आत्ता इथून जा. बाकीचं मी नंतर बघते.” सरांनी पॅलेट टेबलावर ठेवली. ब्रश जागेवर ठेवले, लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीनं. हॅट घेतली.

“थांब, कोटी.” जून कपड्यांचा ढीग छातीशी धरून मागच्या दारात उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. “हेलन, तू दारात आहेस ना? तुझ्या आवाजावरून सांगतेय. तुझा चेहरा मला दिसत नाही. गेलं वर्षभर दिसत नाही. चित्रं मीच काढते. तो मला डोंगर सांगतो.”

हेलन स्टुलावर बसली. ती आईकडे बघत होती आणि आई तिच्या खांद्यापलीकडे. मग हेलननं उठून तिच्या हातातले कपडे घेतले आणि उगीचच घड्या घालायला लागली. थोड्या वेळानं ती सरांना म्हणाली, “मी चुकले. माफ करा.”

“तुम्ही संशय घेतलात ते योग्यच केलंत,” सर म्हणाले. “मीही घेतला असता.”

पण व्हायचं ते झालंच. हेलन वाईट नव्हती. लाकडाची शेगडी, बर्फाळलेली पायरी, जवळ डॉक्टर नाही. ती एकेक गोष्ट सांगत गेली आणि शेवटी जूनच म्हणाली, “ठीक आहे.” मे महिन्यात, हिवाळा तोंडावर येऊन दव गोठायला लागलं तशी, ती डनेडिनच्या एका वृद्धाश्रमात गेली. निघताना तिनं सगळ्यांना मिठी मारली. सर बाहेर आले नाहीत. त्यांच्या उभ्या खिडकीचा पडदा मात्र गाडी वळणाआड जाईपर्यंत बाजूला होता.

घर क्रेगनं विकत घेतलं. जूनच्या घराच्या पलीकडच्या अंगाला जर्दाळूची जुनी बाग होती, तिथे त्याला द्राक्षं लावायची होती. हिवाळ्यात त्यानं झाडं काढली. जमीन त्याची, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. सर मात्र दिवसभर तारेशी उभे राहून मशीन चालवणाऱ्याकडे बघत होते. अश्विनी त्यांना शाल आणि गरम आमटी देऊन आली. ती सांगत होती, त्यांनी वाटी हातात घेतली आणि नुसती प्याली. वाससुद्धा घेतला नाही. ते ऐकून मला काळजी वाटली.

सप्टेंबरात, तिथल्या वसंताच्या सुरुवातीला, हेलनचा फोन आला. आई कोटीला विचारतेय, घेऊन येता येईल का?

सर म्हणाले, “का बोलावलंय? काहीतरी असणार.” दोन दिवस त्यांनी त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी टाय लावून माझ्या गाडीपाशी उभे होते.

डनेडिनला अडीच-तीन तास लागतात. निम्मा रस्ता ते मागच्या गाडीवर लक्ष ठेवून होते. ती वळून गेल्यावर त्यांना करमेना.

“सर, जूनचं पोर्ट्रेट तुम्ही कधीच का केलं नाहीत? रागामुळे?” मी विचारलं.

“कोण म्हणतं केलं नाही? पुष्कळ वेळा केलं. खिडकीतून. आलंच नाही.”

“का?”

“तिला माझा संशय येईना,” ते बाहेर बघत म्हणाले. “काहीही बोललो तरी येईना. बोलायचं बंद करून बघितलं. भाजी ठेवायची कुंपणावर. असला चेहरा मला येत नाही. शिकवलाच नाही आम्हाला.”

त्यांनी नाक पुसलं आणि माझ्या ओव्हरटेक करण्याबद्दल तक्रार केली.

वृद्धाश्रमातली खोली स्वच्छ होती. खिडकीतून मोटारींचा तळ दिसत होता. जून बारीक झाली होती. सर खुर्ची ओढून बसले, हॅट गुडघ्यावर ठेवली.

“कोटी?”

“हो.”

“सांग.”

सरांनी डोंगर सांगितला. माथ्यावर अजून बर्फाची रेघ आहे, खाली गवत पिवळं पडलंय, सकाळी खांद्यावर ऊन येतं ते आता लवकर येतं. जून डोळे मिटून ऐकत होती. मधेच एखादा प्रश्न विचारत होती आणि सर अगदी नेमकं उत्तर देत होते. मग ती म्हणाली, “आणि माझी जर्दाळू? सप्टेंबर आहे. फुलली असतील.”

मी खाली जमिनीकडे बघितलं.

“फुललीत,” सर म्हणाले.

“सगळी?”

“विहिरीकडची आधी. मग बाकीची. पांढरी दिसतात लांबून, जवळ गेलं की गुलाबी. देठापाशी तांबडं. तुझ्या मागच्या दारापर्यंत पाकळ्या येऊन पडल्यात. झाडणारं कोणी नाही.”

“झाडू नका,” जून म्हणाली. “मधमाश्या?”

“आहेत की. आवाज माझ्या घरापर्यंत येतो.”

तिनं हात पुढे केला. सरांनी तो धरला. धरल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना, म्हणून तो तसाच हॅटवर ठेवला. थोड्या वेळानं तिला झोप लागली. हेलन दारात उभी होती. घर विकताना सह्या तिनंच केल्या होत्या. ती आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली. सरांच्या कोटाची कॉलर तिनं नीट केली.

येताना अलेक्झांड्रा नावाचं गाव जवळ येईपर्यंत सर डोळे मिटून होते. मला वाटलं, झोपले. गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कोणाची तरी फळबाग लागली तेव्हा ते एकदम सावरून बसले आणि म्हणाले, “हळू घे.”

मी गाडी हळू केली. ते काचेला नाक लावून बघत होते.

“ऑक्टोबर संपता संपता जर्दाळूचं फळ केवढं होतं रे? कोवळं असताना लव असते का त्याला? मी कधी नीट बघितलं नाही. त्या बाजूला माझी खिडकी नव्हती.”

“मलाही नाही माहीत, सर.”

“मग या बागवाल्याला विचारून ठेव. आपण दर शनिवारी येऊन बघत जाऊ. तिला चुकीचं सांगून चालणार नाही.”